पुठ्ठ्याचा वारा

शाळेचा लाउडस्पीकर दुरुस्त करायला येणाऱ्या गृहस्थांना मुलं व्होल्टेजकाका म्हणायची. त्यांना तापायला वेळ लागत नसे, म्हणून. ते आमचे शेजारी.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी सुटे भाग जोडून एक सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज काढणारी पेटी, बांधली आणि एकट्याने तिच्यावर एक अख्खा अल्बम वाजवला. गाणं नाही, ताल नाही. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, "फ्रिज बिघडलाय का हो?" रेकॉर्डी पलंगाखाली गेल्या.

आता इंटरनेटवर तो अल्बम ऐकून कुठली कुठली तरुण पोरं त्यांना फोन करतात. "काका, दुसरी बाजू! तो सूर हळूहळू चढत जातो, तिथे अंगावर काटा येतो."

"अरे, ती चूक आहे, चूक!" काका ओरडतात. "पेटी तापून सूर सरकलाय."

"तेच तर हवंय, काका."

काका फोन आदळतात.

गेल्या महिन्यात एका कंपनीने तो अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं. मूळ टेप न्यायला गुरुवारी कंपनीची एक मुलगी येणार होती. त्याआधी दुसरी बाजू नव्याने, सुरात वाजवून द्यायची, असं काकांनी मनावर घेतलं. आपण गेल्यावर ती चूकच तेवढी मागे राहील, ही त्यांची खरी धास्ती होती. तीन दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर तारा पसरल्या होत्या. काकू जेवणाची ताटं मांडीवर देत होत्या.

बुधवारी काम झालं. काकांनी मला हाक मारली, काकूंना बसवलं आणि नवी टेप लावली. सूर जागचा हलला नाही.

"कसं आहे?" काकांनी विचारलं.

"दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या. "आणि यात मी कुठे आहे?"

"तू कधी होतीस?"

"अहो, पेटी तापू नये म्हणून पुठ्ठ्याने वारा कोण घालत होतं? पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद. मला सातवा महिना. हात भरून आला, वारा कमी पडला. तुमचं आपलं एकच, 'थांबू नकोस.'"

काकांनी नवी टेप बंद केली. चाळीस वर्षं ते पेटीतल्या एका बिचाऱ्या ट्रान्झिस्टरला शिव्या घालत होते.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"टेप चालू होती ना!"

गुरुवारी मुलगी आली. काकांनी जुनी टेप तिच्या हातावर ठेवली आणि दरडावलं, "कव्हरवर हिचं नाव हवं. माझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. 'वारा घालणारी' असं लिहा."

"चाळीस वर्षांनी सुचलं!" काकू आतून म्हणाल्या.

आता फोन आला की पोरं काकूंना मागतात. पुठ्ठा केवढा होता, कोणत्या हातात होता, असलं विचारतात. काका फोन पुढे करतात आणि पुटपुटतात, "घे बाई, तुझाच आहे. पेटी काय, कोणीही बांधतं."