जयसिंग आबांची मोटर आणि ऋतिकाचं घड्याळ

वडगाव रासाईच्या ऋतिकाला लहानपणापासून एक खोड होती. जे काम आपोआप होऊ शकतं, ते ती हातानं करत नसे. शाळेत असताना तिनं खुराड्याच्या दाराला दोरी बांधून ती गोठ्याच्या फाटकाला जोडली होती. सकाळी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, गाईंसाठी फाटक उघडलं की कोंबड्याही बाहेर. गावभर कौतुक झालं. मग एका संध्याकाळी आप्पांनी पाहुण्यांसाठी फाटक उघडलं आणि नुकत्याच कोंडलेल्या कोंबड्या पंख फडफडवत स्वागताला धावल्या. आप्पांनी दोरी कापली, पण खोड काही कापली गेली नाही.

शिकून ती पुण्यात नोकरीला लागली. ठिबक सिंचनाचे नकाशे काढून देणारी लहानशी कंपनी. शेतकरी आपल्या रानाची मापं मेलवर पाठवायचे, ऋतिका नकाशा काढून उलट टपाली पाठवायची. दोन वर्षं तिनं हडपसरला एका खोलीत तिघींसोबत काढली. तिथली खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी, आणि ती कायम बंद. शेवटी कंपनी चालवणाऱ्या सत्यजीत सरांच्या हातापाया पडून तिनं घरून काम करायची परवानगी मिळवली. गोठ्याशेजारच्या खोलीत टेबल लागलं, खिडकीतून शेवंती दिसू लागली, आणि पोरीला जेवण गोड लागू लागलं.

पण सरांनी नवा नियम काढला. कुठल्या गिऱ्हाइकाच्या कामाला किती वेळ गेला, ते प्रत्येकानं संगणकातल्या घड्याळावर नोंदवायचं. काम सुरू करताना घड्याळ चालू, संपलं की बंद. गावाकडून काम करणाऱ्यांचे तास जुळले नाहीत, तर त्यांनी गाशा गुंडाळून परत ऑफिसात यायचं.

आता घड्याळ चालू करायचं लक्षात राहणारी माणसं वेगळी. ऋतिका नकाशात शिरली की तिला तहानभूकही आठवत नसे. मग खोड मदतीला आली. तिला एक सोय सापडली, जिच्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि रेघेनं जोडायच्या. हे झालं की ते कर, एवढंच सांगायचं. तिनं मेल आणि घड्याळ जोडून टाकलं. गिऱ्हाइकाच्या मेलवर तिनं खूण केली की त्याच्या नावाचं घड्याळ सुरू, तिचं उत्तर गेलं की बंद.

आप्पा, म्हणजे पोपटराव, मागं उभं राहून हे बघत होते.

"म्हंजी आपल्या मोबाईल स्टार्टरवानीच हाय की," ते म्हणाले. "तिकडं फोन लावला की मोटर चालू, हिकडं मेल आला की घड्याळ चालू."

"तसंच आप्पा."

"मंग आमच्या मोटरलाबी घड्याळ लाव."

यामागं जुनं दुखणं होतं. नदीकाठची विहीर आप्पांची आणि त्यांचे थोरले भाऊ जयसिंग आबा यांची, दोघांत मिळून. एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. आबा आपली पाळी संपली तरी मोटर तशीच चालू ठेवतात, असा आप्पांना दाट संशय. विचारलं की आबा म्हणायचे, "लाईटच उशिरा आली, त्याला म्या काय करू?"

मोटर सुरू-बंद झाली की स्टार्टर तसा मेल पाठवायचा, कुणाच्या फोनवरून ते नावासकट. ऋतिकानं आणखी दोन चौकटी मांडल्या, रेघ ओढली. खरं तर विहिरीला वेगळं घड्याळ हवं होतं. पण हातात तयार होतं कंपनीचं, आणि वेगळं घ्यायचा तिनं कंटाळा केला. त्या घड्याळाचा एक हट्ट होता: एका वेळी एकच नाव चालणार, दुसरं आलं की पहिलं बंद. खुराडं पुन्हा फाटकाला बांधलं गेलं, आणि या खेपेला दोरी दिसतही नव्हती.

आठवडा मजेत गेला. सोमवारी घड्याळानं आठवड्याचा हिशेब आपण होऊन सत्यजीत सरांना धाडला. थोड्याच वेळात सर लॅपटॉपच्या पडद्यावर हजर.

"ऋतिका, तुझ्या गिऱ्हाइकांचे तास निम्म्यावर आलेत. आणि हे जयसिंग आबा कोण? उरलेला बहुतेक वेळ तू त्यांनाच दिलायस. असं असेल तर तू पुण्यालाच ये."

ऋतिकाच्या डोळ्यांपुढं हडपसरची ती खिडकी उभी राहिली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात आबांची एन्ट्री झाली. शेवग्याच्या शेंगा द्यायला ते नेमके दारात आले होते. पडद्यावरचा चष्मेवाला माणूस आपलं नाव घेतोय म्हटल्यावर तो लाईटीचाच साहेब, हे त्यांनी ताडलं. शेंगा खाली ठेवल्या, टोपी नीट केली आणि पुढं झाले.

"साहेब, तुमच्या कानावर आलंच हाय तर सांगून टाकतो. पोपटच्या पाळीत म्या मोटर तशीच ठिवली व्हती. पन जराशीच. झेंडू माना टाकत व्हता."

"जराशीच?" गोठ्यातून आप्पा प्रकटले, हातात शेणाची पाटी. "दिवाळीपास्नं इचारतोय, तवा लाईटीवर ढकलत व्हता. आन् साहेबानं नुसतं नाव घेतलं तर घडाघडा?"

"तू गप ऱ्हा. साहेब माझ्यासंगं बोलत्यात."

ऋतिकानं मग सगळं सांगितलं. विहीर, पाळी, चौकटी, आणि आपला कंटाळा. सांगता सांगता तिनं घड्याळ सरांना पडद्यावर दाखवलं. ते त्या क्षणीही जयसिंग आबांच्या नावानं पळत होतं.

"आज पाळी कुणाची?" सरांनी विचारलं.

आप्पांनी पाटी खाली ठेवली आणि आबांकडं रोखून पाहिलं.

"चुकून ऱ्हायली वाटतं," असं पुटपुटत आबांनी खिशातून फोन काढून स्टार्टरला लावला. मोटर बंद झाली, मेल आला आणि सरांच्या डोळ्यांदेखत घड्याळ थांबलं. याहून चांगला साक्षीदार वकिलालाही मिळत नाही.

"तुझे खरे तास?" सर म्हणाले. हसू दाबताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मेलवर वेळा होत्याच. मेलवर खूण कधी केली, उत्तर कधी गेलं, ते सगळं जुळवून ऋतिकानं संध्याकाळी पाठवलं. एकही गिऱ्हाईक ताटकळलं नव्हतं. सरांचं उत्तर दोन ओळींचं आलं: घरूनच कर. विहिरीला वेगळं घड्याळ घे.

तिनं घेतलं. आणि खोडीला खोड म्हणून एक जादा चौकटही जोडली. पाळी संपली की दोघा भावांच्या फोनवर आपोआप निरोप: 'पाळी संपली. मोटर बंद करावी. आपला, साहेब.' ऋतिकानं एवढं सांगूनही आबांच्या लेखी साहेब लाईटीचाच होता. सख्ख्या भावाला वर्षानुवर्षं दाद न देणारे आबा निरोप आला की हातातला घास सोडून मोटर बंद करू लागले.

पुढं सत्यजीत सर इनामगावला एका शेतकऱ्याचं रान बघायला आले, तेव्हा वाट वाकडी करून वडगावलाही डोकावले. आबा झेंडूची भरगच्च पिशवी घेऊन हजर.

"साहेब, तुमचे निरोप येत्यात बरं का येळच्या येळी. तेवढी माझी पाळी जरा वाढवून द्या की."

सरांनी ऋतिकाकडं पाहिलं. ती आढ्याकडं बघत होती. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि भूमिका कबूल केली.

"बघतो. पण पोपटरावांची सही लागेल."

आबांनी क्षणभर विचार केला.

"मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि पुढं केलेली पिशवी हळूच मागं घेतली.