दोन कॉलेजांचं टेंडर

मुलीला अमेरिकेतल्या दोन ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळाला. हे लोकांना सांगायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही बातमी नाही, खुलासा आहे. "मेडिकलला ॲडमिशन मिळाली" एवढ्यावर थांबलं की अभिनंदन व्हायचं. पुढचा शब्द उच्चारला की समोरचा माणूस सावध व्हायचा. घेतलेला पेढा परत ठेवावा की काय, अशा बेताने.

मग मी सांगायचे. अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन रस्ते आहेत. एका रस्त्याने गेलं की नावापुढे एमडी लागतं, दुसऱ्याने गेलं की डीओ. दोघंही औषधं लिहून देतात, ऑपरेशनं करतात, एकाच हॉस्पिटलात शेजारी शेजारी काम करतात. डीओवाल्यांना शिवाय हाडं, सांधे, स्नायू हातांनी तपासायला आणि मोकळे करायला शिकवतात. शारजात अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये हे भाषण सुरुवातीला चौदाव्या मजल्यापर्यंत पुरायचं. सरावाने मी ते आठव्यापर्यंत संपवू लागले.

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं रोल्ला भागात मसाल्यांचं दुकान आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे हाडवैद्यच की, वहिनी!"

"नाही हो. पूर्ण डॉक्टर."

"तेच म्हणतो मी. पूर्ण डॉक्टर, प्लस हाडवैद्य. डबल झालं." मग काउंटरमागून बाहेर येऊन त्यांनी उजवा हात वर केला. तो खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला. "हा इथपर्यंतच जातो बघा. विचारा ना तिला."

"ती अजून कॉलेजात गेलेली नाही."

"ॲडमिशन झालीय ना? खलास." पुढच्या कार्यक्रमात तिचा सत्कार करायचा असं त्यांनी जिरेपूड तोलता तोलता ठरवूनही टाकलं. "फक्त कॉलेजचं नाव कळवा, बॅनरवर टाकायचंय. दोन्हीपैकी जे भारी वाटेल ते."

खरी अडचण तीच होती. दोन्हीपैकी एक निवडायचं होतं आणि हातात तीन आठवडे होते.

पहिलं कॉलेज एका मोठ्या शहरालगत होतं. त्याचं माहितीपत्रक इतकं देखणं होतं की ते वाचण्यापेक्षा भिंतीवर लावावंसं वाटे. काचेची इमारत, लॅटिन बोधवाक्य, आणि उद्याच्या आरोग्याची पुनर्कल्पना करणाऱ्या डीनसाहेबांचा संदेश. एका पानावर चार विद्यार्थी एका प्लास्टिकच्या रुग्णाकडे अपार करुणेने पाहत होते. दुसरं कॉलेज एका लहान गावात होतं. त्याच्या पत्रकावर लाल विटांची एक इमारत होती आणि तिच्यासमोर बऱ्याच पार्क केलेल्या गाड्या. फोटो काढणाऱ्याला त्या हलवायला सांगाव्यात असं कुणाला सुचलं नव्हतं.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. मुखपृष्ठावरून पुस्तक निवडू नये, हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलेय. पहिल्या कॉलेजचं नाव मी स्टाफरूममध्ये चार जणींना आधीच सांगून टाकलं होतं.

मुलीला मात्र वेगळाच घोर होता. चार वर्षं अमेरिकेत बायॉलॉजी शिकताना ती युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे लॅपटॉप घेऊन टिपणं काढायचं काम करायची. तिथे मेडिकलच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं यायची. चार आठवडे दाराशी उभी राहायची आणि पुढच्या गावाला जायची. पहिली दोन वर्षं सगळीकडे वर्गात असतात. नंतरची दोन हॉस्पिटलात, खऱ्या रुग्णांजवळ. ज्या कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं ती विद्यार्थ्यांना जागा मिळेल तिथे पाठवतात.

"त्यातला एक जण मला म्हणाला, आय हॅव नेव्हर सीन द सेम पेशंट ट्वाइस," ती मला म्हणाली. "आई, तो तीन महिन्यांत डॉक्टर होणार होता. मला तसं नाही व्हायचं."

ती हे बोलली तेव्हा मी भाजी निवडत होते. माझे हात थांबले, पण तोंड थांबलं नाही. "अगं, पण त्या पहिल्या कॉलेजची लायब्ररी पाहिलीस का?"

माझा नवरा रुवैसला रिफायनरीत आहे. शुक्रवारी दुपारी निघतो, संध्याकाळी शारजाला पोचतो आणि रविवारी परत जातो. दोन पंप विकणाऱ्यांपैकी चांगला कोण, हे ठरवण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली आहेत. त्या शुक्रवारी बूट काढायच्या आधीच त्याने जाहीर केलं, "भावनेवर काही ठरवायचं नाही. टेक्निकल इव्हॅल्युएशन करू."

जेवणानंतर टेबलावर तक्ता उघडला. डावीकडे निकष, त्यांच्यापुढे वजन. आधी वजनं ठरवायची, मग गुण द्यायचे आणि एकदा गुण द्यायला लागलं की वजनांना हात लावायचा नाही. पंपांच्या बाबतीत याला नीतिमत्ता म्हणतात.

"नावलौकिक, वीस," तो म्हणाला.

"पंधरा," मुलगी म्हणाली.

"वीस," मी म्हणाले. स्टाफरूम डोळ्यांसमोर होती.

विमानतळाला दहा मिळाले, कारण आम्ही भेटायला जाणार. भारतीय किराण्याला पाच, कारण मी आई. सुरक्षिततेला पंधरा. हॉस्पिटलात कोण, कुठे, किती काळ शिकवणार याला मुलीने चाळीस मागितले आणि घासाघीस होऊन पंधरावर सौदा पटला. घासाघीस करणारी दोन माणसं डॉक्टर होणार नव्हती, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

माहिती अपुरी होती. त्यावर नवऱ्याकडे उपाय होता. रविवारी निघण्यापूर्वी त्याने दोन्ही कॉलेजांना प्रश्नावली धाडली. हे आम्हाला मंगळवारी कळलं, मुलीने मेल उघडली तेव्हा. तिलाही प्रत पाठवली होती. ती खोलीतून ज्या आवाजात ओरडली, त्यावरून मला वाटलं दोन्ही प्रवेश रद्द झाले.

ऑफिसचा नमुना त्याने तसाच वापरला होता. सत्तावीस प्रश्न, अनुक्रमांकासह. वरच्या रकान्यात कॉलेजच्या नावाऐवजी 'बिडर'. पुढे 'बिडरचे उत्तर', आणि शेवटी 'डेव्हिएशन, असल्यास', म्हणजे मागणीपेक्षा जे वेगळं असेल ते. तळाशी तंबी होती, की अपूर्ण उत्तरं विचारात घेतली जाणार नाहीत.

तिने रुवैसला फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाबा, यू सेंट देम अ टेंडर?"

"टेंडर नाही गं. क्लॅरिफिकेशन."

"दे आर नॉट सेलिंग यू पंप्स!"

"सगळेच काहीतरी विकत असतात," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं. "आणि घाबरू नकोस. प्रश्नावलीचा राग येणारा बिडर आपल्याला नकोच असतो."

त्यावर तिने फोन बंद केला आणि दोन दिवस बापाशी बोलली नाही.

पहिल्या कॉलेजचं उत्तर गुरुवारी आलं. आम्ही रस दाखवल्यामुळे ते रोमांचित झाले होते. सत्तावीसपैकी एकाही प्रश्नाला त्यांनी हात लावला नव्हता. पालकांसाठीच्या ऑनलाइन सभेचं निमंत्रण मात्र दिलं होतं. आमच्या संध्याकाळी, त्यांच्या सकाळी, ती सभा झाली. डीनसाहेब 'प्रवास' हा शब्द इतक्या वेळा म्हणाले की ते ट्रॅव्हल कंपनीचे आहेत की काय, असं वाटावं. मुलीने प्रश्न टाइप केला: तिसऱ्या वर्षी विद्यार्थी कुठे असतात? डीनसाहेबांनी आनंदाने वाचून दाखवला. "अनेक राज्यांत पसरलेली आमची भागीदारांची परिसंस्था," ते म्हणाले, "विद्यार्थ्यांना विविधतेचं वरदान देते." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळायला उठले.

दुसऱ्या कॉलेजने तक्ता भरून पाठवला. सत्तावीसच्या सत्तावीस ओळी. तिथल्या प्रवेश विभागात एक बाई होत्या, त्यांनी भरला होता. दोन्ही वर्षं एकाच हॉस्पिटलात का? होय, फक्त बालरोग आणि मानसोपचारासाठी दोन तासांवर जावं लागतं. विमानतळ? लांब आहे आणि हिवाळ्यात आणखी लांब होतो. भारतीय किराणा? गावात नाही. 'जवळचं दुकान दीड तासावर, मी फोन करून विचारलं, ते सोमवारी बंद असतं.' शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'डेव्हिएशन म्हणजे काय ते मला नीट समजलं नाही. आमच्याकडे जे नाही ते इथे लिहिते.' आणि खाली यादी होती. बस नाही. मोठं ग्रंथालय नाही, मागवलेलं पुस्तक चार दिवसांत येतं. गाडी चालवता येत नसेल तर कठीण जाईल.

शुक्रवारी नवऱ्याने ती यादी दोनदा वाचली. "पंचवीस वर्षांत," तो म्हणाला, "एकाही वेंडरने मला हे असं लिहून दिलं नाही." मग त्याने नियमाप्रमाणे गुण भरले आणि बेरीज मांडली. पहिलं कॉलेज सहा गुणांनी पुढे होतं. नावलौकिक, विमानतळ आणि किराणा यांनी हॉस्पिटलला खाली पाडलं होतं.

वजनं बदलायची नाहीत, हे ठरलेलं होतं. मुलगी तक्त्याकडे बघत राहिली. मग तिने मराठीत, सावकाश विचारलं, "बाबा, तिथे रुवैसला एखाद्या पंपाला जास्त गुण मिळाले की लगेच ऑर्डर देता?"

खोटं त्याला बोलता येत नाही. पंप घेणाऱ्यांत हा दोष समजला जातो. "नाही," तो म्हणाला. "आधी त्यांचा पंप कुठे चालू असेल तिथे जातो. चालवणाऱ्याशी बोलतो. विकणाऱ्याला बाहेर थांबवून."

तिने त्याच संध्याकाळी दोन्हीकडे लिहिलं, की तिसऱ्या वर्षाच्या कुणाशी तरी बोलायचंय. पहिल्या कॉलेजने विद्यार्थी-राजदूत दिला. तो पहिल्या वर्षाला होता. तिसऱ्या वर्षाची मुलं विविधतेच्या वरदानात इतकी विखुरली होती की कुणी सापडेना. तो गोड मुलगा होता, त्याला जिम फार आवडली होती.

दुसऱ्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून फोन केला. खात खातच बोलत होती. गाव कंटाळवाणं आहे, थंडी भयंकर आहे, कॉफी वाईट आहे, हे तिने न विचारता सांगितलं. मग आमच्या मुलीने तिला तो एकच प्रश्न विचारला: तोच पेशंट दुसऱ्यांदा कधी पाहिलायस?

पलीकडे चमचा थांबला. "एक म्हातारे आहेत," ती म्हणाली. "शुगरचे. आधी पाय दाखवायला आले, मग जखम चिघळली, मग ॲडमिट झाले. सहा वेळा भेट झाली. दर वेळी माझ्यावर ओरडतात. मागच्या आठवड्यात ओरडले, की गेल्या मंगळवारी तू का नव्हतीस." मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने घाईने फोन ठेवला.

आमच्या मुलीने फोन टेबलावर पालथा ठेवला. नवऱ्याने लॅपटॉप मिटला, तक्ता सेव्ह न करता. मी त्या पहिल्या कॉलेजच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं आणि काय बोलणार होते तेच मला आठवेना.

तिने विटांच्या इमारतीला होकार कळवला. पहिल्या कॉलेजला नकार देताना एक फॉर्म भरायचा होता, नकाराचं कारण निवडा म्हणून. खर्च, ठिकाण, कौटुंबिक अडचण, इतर. तिने 'इतर' निवडलं, तेव्हा खाली एक रिकामी चौकट उघडली.

"सविस्तर लिही," बाप म्हणाला. "मुद्देसूद."

तिने इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं: कुणीतरी माझ्यावर सहाव्यांदा ओरडावं, अशी माझी इच्छा आहे.

त्याने ते वाचलं. दुरुस्तीसाठी पुढे गेलेला हात त्याने मागे घेतला आणि म्हणाला, "पाठव."