नमुनेदार तोंड

"नेक्स्ट," डॉक्टर म्हणाले.

मी प्रोजेक्टरचं बटण दाबलं. पडद्यावर माझी आई आली.

डोळ्यांवर काळी पट्टी. ओळख पटू नये म्हणून. पण हनुवटीवरचं हिरवं गोंदण तसंच उघडं. ओठ दोन लाकडी पट्ट्यांनी फाकवलेले. मशेरीनं काळे पडलेले दात. आणि गालाच्या आत पांढरा चट्टा. पडद्यावर तो माणसाएवढा दिसत होता.

रोह्यातलं सभागृह भरलेलं होतं. पुढं धाटावच्या कंपन्यांचे साहेब, मागं अंगणवाडीच्या बाया. पुढच्या रांगेतल्या एका साहेबानं रुमाल नाकाला लावला.

"शी! तोंड आहे की गटार?"

हशा पिकला. डॉक्टरही हसले. हातातली काठी त्यांनी चट्ट्यावर टेकवली.

"तुम्हाला गटार दिसतं, आम्हाला हे सोनं आहे. इतकं नमुनेदार तोंड क्वचित मिळतं. कॅन्सरच्या अगदी अलीकडची पायरी. पेणच्या खाडीपट्टीतली बाई. मागच्या वर्षीच्या पाहणीत सापडली."

मागच्या वर्षी.

मागच्या बायांनी हळूच पदर तोंडावर ओढले. त्यातल्या कितीतरी मशेरी लावणाऱ्या. त्यांच्यातली एकही हसली नव्हती.

"नेक्स्ट."

मी बटण दाबलं. आई गेली. दुसऱ्या कुणाचं तरी तोंड आलं. कुणाची आई होती ती, मला माहीत नाही. डॉक्टर 'नेक्स्ट' म्हणत राहिले, मी बटण दाबत राहिले. माझ्या आईला काय झालंय हे मला असं कळलं. भर सभेत, काठीच्या टोकानं.

ही पाहणी करणाऱ्या संस्थेतच मी नोकरीला होते. सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करणारी संस्था. पेणला एस.टी. स्टँडच्या मागं एका बंगल्यात तिचं कार्यालय. मासिक निघायचं. पुस्तिका, पोस्टरं निघायची. त्यांचा सगळा मजकूर माझ्या हातातून जायचा. डॉक्टरांचे इंग्रजी अहवाल सोप्या मराठीत आणायचे, लेख मागवायचे, कापायचे, जोडायचे, प्रुफं वाचायची, छापून होईपर्यंत छापखान्यात उभं राहायचं. संपादक म्हणून नाव संस्था चालवणाऱ्या मॅडमचं. माझं शेवटच्या पानावर, बारीक टाइपात.

मी मिठागरवाल्यांची पोर. बाप लहानपणीच गेला. आईनं डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहून मला बी.ए. केलं. संस्थेत पाहुणे आले की मॅडम मला हाक मारायच्या.

"ही बघा. हिची आई अजून मिठागरावर जाते. आणि ही आमच्याकडे प्रुफं तपासते!"

पाहुणे वळून बघायचे. दोन पायांवर चालणारी शेळी बघावी तसे.

माझ्या तोंडून कधी 'नाय' निघालं, 'हाय' निघालं, की मॅडम हातातलं काम थांबवायच्या. "तुमच्या बोलण्याला अजून खाडीचा वास येतो," म्हणायच्या. सगळ्यांसमोर. मी हसायचे. त्या वासाचंच तर मीठ खात होत्या त्या. पण हे मनात. तोंडानं मी हसायचे.

मशेरीवरची पुस्तिका मीच तयार केली होती. तिच्यात मी लिहिलं होतं, 'मिठागरावर पहाटेपासून काम चालतं. पोटात काही नसतं. बाया भूक मारायला मशेरी लावतात.' मॅडमनी त्यावर लाल रेघ ओढली.

"हे समर्थन झालं. कारण एकच लिहायचं. अज्ञान."

मग तोच शब्द मोठ्या टाइपात पहिल्या पानावर गेला. अज्ञान.

रोह्याच्या त्या सभेनंतर जेवण होतं. पुरी-श्रीखंड. मी डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले. मॅडम शेजारी बसल्या होत्या.

"डॉक्टर, ती माझी आई हाय."

'हाय' निघालं. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते नमुनेदार तोंड."

"अरे! तुझी आई? मला कल्पनाच नव्हती."

"तिला सांगितलंत का तुम्ही? तोंडात काय झालंय ते?"

डॉक्टरांनी पुरीचा तुकडा मोडला. चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात बोलले. तो सूर मी आजही विसरलेले नाही.

"अगं, ती पाहणी होती. उपचाराचं शिबिर नव्हतं. आपलं काम नोंद घेण्याचं. आणि सांगितलं की या बाया घाबरतात, पुढच्या फेरीला येतच नाहीत. सगळा अभ्यास बिघडतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हा विषय इथं नको," मॅडम म्हणाल्या. "साहेब लोक जेवतायत."

मी तशीच गावाला गेले. आई बांधावरून परत येत होती. तिला ओट्यावर बसवलं, तोंड उघडायला लावलं. होता. पडद्यावर होता तिथंच. फक्त आता त्याच्या मधोमध लाल जखम होती.

"कदीपासून हाय ह्या?"

"लय दिस झालं. तिखाट लागला का झोंबता. त्याला काय व्हताय?"

"मागच्या वर्षी गाडी आलेली. तोंड बघायला. तू गेलेलीस?"

"गेलू ना. समाजमंदिरात. दोगं व्हतं. काड्या घालून व्हट फाकवलं, आनि फोटो काडला. मी इचारला, काय हाय? तं बोलला, काय नाय आजी, मशेरी सोडा." मग ती म्हणाली, "माजी जायाची इच्छा नव्हती गो. पन गाडीवर तुज्या हापिसाचा नाव व्हता. तुजी मानसा म्हनून मी तोंड उघडला."

तुजी मानसा.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तिला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली, मागं सरल्या, माझ्याकडे बघितलं. "शिकलेल्या दिसता. वर्षभर काय करत होतात?"

काय सांगणार? वर्षभर मी आरोग्याचं मासिक काढत होते.

डावा गाल गेला. अर्धा जबडा गेला. मांडीचं कातडं काढून गालाला लावलं. आईचा चेहरा एका बाजूनं आत बसला. प्यायलेलं पाणी ओठातून गळायचं. ती पदराचा बोळा करून कायम तिथं धरायची. तिचं बोलणं मला सोडून कुणाला कळेनासं झालं. गावातली लहान पोरं तिला बघून रडायची, मग ती स्वतःच दार लावून आत बसायला लागली. मिठागर सुटलं. मशेरीही सुटली. लावायला तोंडच उरलं नव्हतं.

मी परत त्याच नोकरीवर गेले. घरात दुसरा पगार नव्हता. डॉक्टर समोरून जायचे, "आई बरी ना?" विचारायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत.

मग मशेरीच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टरही होते. मॅडमनी टेबलावर एक छापील फोटो ठेवला. काळी पट्टी, हिरवं गोंदण, फाकवलेले ओठ.

"हे 'आधी' म्हणून जाईल," मॅडम म्हणाल्या. "शेजारी 'नंतर' हवं. ऑपरेशननंतरचा चेहरा. तुला तर काही अवघड नाही, घरातलंच माणूस आहे. कॅमेरा देते. खालचा मजकूर तूच लिही. तुझ्याइतकं मनापासून कोण लिहिणार?"

मी फोटोतल्या गोंदणाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी विचार करतेय.

"मथळा सुचलाय मला," त्या म्हणाल्या. "'अज्ञानाची किंमत'."

"नाही," मी म्हणाले.

"मग दुसरा सुचव."

"मथळा नाही. फोटो. मी काढणार नाही. आधीचाही छापायचा नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं."

"तोंडी परवानगी घेतली होती," डॉक्टर म्हणाले. "तिनं तोंड उघडलं, त्यातच परवानगी आली."

मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

"हे बघ," डॉक्टर पुढं म्हणाले, "तिचा चेहरा बघून कितीतरी बायका वाचतील. तू स्वतःपुरतं बघतेयस."

"मग हिला का नाय वाचवली? ही बाई नव्हती?"

मी जाणूनबुजून 'नाय' म्हटलं होतं. पहिल्यांदाच. आणि ते तोंडातून निघाल्यावर मला कळलं, माझी भीती गेली. इतकी वर्षं मी यांना विद्वान समजत होते. मी आदरानं यांच्या वाक्यांतल्या चुका काढून देत होते. समोर दोन माणसं होती, ज्यांनी माझ्या आईच्या तोंडात मरण बघितलं आणि फोटो काढून तोंड मिटायला सांगितलं. बस. एवढीच होती यांची विद्वत्ता.

"उद्यापर्यंत पान तयार पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर यायची गरज नाही."

घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. फोटो हवाय, कशासाठी हवाय, खाली काय लिहिणार. आणि विचारलं, "देयाचा काय?" तिच्या तोंडाबाबत तिला कुणी विचारलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

तिनं मान हलवली. नाही. मग बोळा ओठाला दाबून, एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "लिव. मना कोनी सांगला नाय."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलेच नाही. थेट छापखान्यात गेले. आईचं पान मी स्वतः लावलं. फोटोच्या जागी रिकामी चौकट. तिच्याखाली मजकूर. 'या जागी जिचं तोंड छापणार होते, तिनं नकार दिला आहे. तिचं म्हणणं एवढंच: मना कोनी सांगला नाय. बायांनो, तपासायला येणाऱ्यापुढं तोंड उघडण्याआधी विचारा, काय दिसलं ते मला सांगाल का?'

छापखानेवाले काका चष्मा वर करून म्हणाले, "मॅडमनी पास केलंय?"

"मजकूर माझ्याकडं असतो," मी म्हणाले.

छापलं गेलं. मी गठ्ठे सरळ अंगणवाडीच्या बायांकडे पाठवले. रोह्याला, खांबला, गागोद्याकडे. मॅडमच्या हातात पुस्तिका पडली तोवर गावागावात पोचली होती.

फार काही झालं नाही. संस्थेची जीप गावोगाव फिरली आणि पुस्तिका गोळा करून आणल्या. बंगल्याच्या मागं वॉचमननं त्या जाळल्या. मी माझा डबा आणि चष्मा घ्यायला गेले होते, तेव्हा धूर चालू होता. डॉक्टर व्हरांड्यात उभे होते.

"आईच्या आजाराचं भांडवल केलंस," ते म्हणाले. "या जिल्ह्यात तुला कुठलीही संस्था दारात उभी करणार नाही."

"भांडवल तुमचं, डॉक्टर. आई माझी."

पुढच्या अंकात मॅडमनी चौकट टाकली. 'मशेरीविषयक पुस्तिकेत तांत्रिक चूक झाली, क्षमस्व.' माझी आई त्यांच्या मासिकात तांत्रिक चूक झाली.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. जिल्ह्यात मला कुणी घेतलं नाही. मी पेणला एका दुकानात लग्नपत्रिकांची प्रुफं तपासायला लागले. आजार आईच्या मानेत उतरला. मरताना तिला पाणीही गिळता येत नव्हतं. ती शांतपणे गेली असं लोक सांगतात. मी होते तिथं. शांतपणे नाही गेली.

पुढं एकदा गावात दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेची गाडी आली. बायांचं रक्त तपासायला. मी समाजमंदिराच्या दारात उभी राहिले. गाडीतून एक तरुण डॉक्टर उतरला. चांगला होता बोलायला, ताई ताई करत होता.

"रक्तात काय निघालं ते जिचं तिला सांगणार का?" मी विचारलं. "इथं येऊन? तिला कळेल असं?"

"ताई, आम्ही फक्त नमुने नेतो. रिपोर्ट मुंबईला जातो."

"मग रक्त नाही मिळणार."

"तुम्ही कोण? सरपंच आहात?"

"नाही."

तो बराच वेळ समजावत होता. मग कंटाळला आणि गाडी वळवून निघून गेला. रांगेतल्या बाया माझ्यावर तुटून पडल्या. "फुकाटची तपासनी व्हती, घालवलीस! तू कोन गो मोठी?" माझी सख्खी चुलती सगळ्यात पुढं. कुणीतरी म्हणालं, आई गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मी ऐकून घेतलं. त्या चुकत नव्हत्या, त्यांना औषध हवं होतं. पण त्या गाडीत औषध नव्हतं. त्या गाडीत फक्त बाटल्या होत्या.

माझ्यावर गाव रुसलं तरी चालेल. चुलती बोलायची बंद झाली तरी चालेल. आमचं रक्त, आमची थुंकी, आमचं तोंड ज्याला पाहिजे, त्यानं आधी आमच्यासमोर खाली बसायचं. काय दिसलं ते आमच्या भाषेत सांगायचं. आणि सांगून पळून जायचं नाही, पुढं काय करणार तेही सांगायचं. नाहीतर आल्या वाटेनं परत. मी डॉक्टर नाही, सरपंच नाही. मी दारात उभी राहणारी बाई आहे, आणि मी हलणार नाय.