मामींचा बंद फोन

रत्नागिरीत इंग्रजी भाषा रुजवण्याचं श्रेय इतिहासाने आजवर कुणाकुणाला दिलं आहे; माझ्या मते ते एकट्या माझ्या मित्राच्या मामींना द्यायला हवं. मामींना स्वतःला इंग्रजीची साधारण चाळीस वाक्यं येत होती. त्यांतली बारा उशिराबद्दल दिलगिरीची होती.

याला कारण त्यांची नोकरी. बंदराजवळच्या मासळी-निर्यातीच्या एका कारखान्यात मामी सव्वीस वर्षं टेलिफोनवर बसल्या. परदेशातून गिऱ्हाइकांचे फोन यायचे. कोळंबी पोचली नाही, किंवा पोचली पण सांगितली होती त्याहून लहान निघाली, असं काहीतरी असायचं. पलीकडचा माणूस तापलेला असे आणि मामी त्याला हळूहळू गार करत. त्यांचं सगळं इंग्रजी असं भांडणाच्या कडेला उभं राहून जमवलेलं होतं. ‘सुरळीत चाललंय त्याला कोण फोन करतो?’ त्या म्हणायच्या. ‘इंग्रजी लागतं ते अडकल्यावर.’

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल-श्रीफळ दिलं. मामींनी ते आदराने घेतलं आणि वर आपल्या टेबलावरचा जुना काळा फोनही मागून घेतला. तो घरच्या पडवीत एका स्टुलावर, वायर कुठेही न जोडता, विराजमान झाला आणि मामींचा क्लास सुरू झाला.

क्लास फक्त मधल्यांसाठी होता. एबीसीडीपासून सुरुवात असलेला मामींना नको असे. फाडफाड बोलणारा तर पायरीही चढू शकत नसे. ज्यांना वाचलेलं कळतं, ऐकलेलं बरंचसं कळतं आणि तोंड उघडलं की घाम फुटतो, ते मधले. देवरूखकडून एसटीने येणारी एक नर्स होती, आरे-वारेच्या रस्त्यावर हॉटेल काढलेला एक जण होता आणि मी होतो. मी इंग्रजी कादंबऱ्या वाचत असे आणि इंग्रजीत पाणीसुद्धा मागू शकत नसे.

बोलताना फोनचा रिसीव्हर कानाला लावायलाच हवा, हा पहिला नियम. ‘हातात काय नसलं की तुम्ही हात हलवता. पलीकडच्याला हात दिसत नाय.’ रोज दोन वाक्यं, आणि ती वहीत लगेच लिहायची बंदी. आधी ते वाक्य खऱ्या माणसावर वापरायचं, त्याच्याकडून उत्तर यायला हवं, मगच ते वहीत. त्यामुळे तेव्हा आमच्या आळीतल्या वाण्याला साबणाचे पैसे मागितल्यावर ‘आय विल लुक इनटू इट’ ऐकावं लागे, ते गिऱ्हाइकाकडून. हॉटेलवाल्याने तर एका बाराव्याला जाऊन ‘वुई सिन्सिअरली रिग्रेट द इन्कन्व्हीनियन्स’ वापरून टाकलं. घरच्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मान डोलावणं हे उत्तर धरायचं का, यावर क्लासात अर्धा तास वाद झाला. शेवटी मामींनी ते वाक्य त्याच्या वहीत जाऊ दिलं. बांगड्यांवर डोळा ठेवून बसलेल्या मांजराला त्या स्वतः ‘धिस इज नॉट अ‍ॅक्सेप्टेबल’ म्हणत. मांजर उठून जात असे, म्हणजे तिथेही नियम पाळला जाई.

जड शब्दांचा त्यांना तिटकारा होता. पहिल्याच दिवशी मी आपली विद्वत्ता दाखवायला ‘नेव्हरदलेस’ असा शब्द टाकला. मामींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, ‘हा कुठल्या पाण्यातला मासा रे?’

‘मामी, पुस्तकात असतो.’

‘मग ऱ्हाऊ दे पुस्तकात. फोनवर काय करशील ते सांग.’

फोनवर मी काहीच करू शकत नव्हतो, हीच अडचण होती. मुंबईत एक आणि पुण्यात एक अशा दोन मुलाखती मी गप्प बसून घालवल्या होत्या. तिसरी रत्नागिरीतच होती, बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीच्या नव्या ऑफिसासाठी. ही गेली तर काका मुंबईला आपल्या दुकानात बोलावणार होते. बाबा गेल्यापासून घरी आई एकटी, आणि ती रत्नागिरी सोडायला तयार नव्हती. मामींना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी सहानुभूती दाखवली नाही. महिनाभर मला एकच वाक्य दिलं: ‘प्लीज होल्ड द लाइन, आय अ‍ॅम चेकिंग.’

मी वैतागलो. ‘मामी, बाकीच्यांना रोज दोन, आणि मला हे एकच?’

‘तुला शब्द येतात मेल्या, ते यायला वेळ लागतो. तो वेळ मागायचा कसा, ते येत नाय.’

मुलाखत एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. रत्नागिरीच्या मे महिन्यात तीन माणसं कोट घालून बसली होती. भिंतीवर कंपनीचं ध्येय झळकत होतं. त्यात ‘उत्कृष्टता’ तीनदा होती. पहिले दोन प्रश्न निभावले. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, चिडलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही कधी सांभाळलं आहे का? आणि माझ्या डोक्यात ओहोटी सुरू झाली. शब्द दिसत होते, लांब, पाण्यापलीकडे. माझा उजवा हात आपोआप कानाशी गेला आणि समोर बसलेल्या तीन माणसांना मी स्पष्ट आवाजात म्हणालो, ‘प्लीज होल्ड द लाइन, आय अ‍ॅम चेकिंग.’

एकाने पेन खाली ठेवलं. कुणी हसलं नाही. तिघंही खरोखरच थांबले. एवढी मोठी माणसं माझ्यासाठी थांबू शकतात, हे मला तेव्हा प्रथम कळलं. मग शब्द आले. बाबांच्या गॅरेजात आपल्या बोटीचं इंजिन घेऊन आलेल्या एका संतापलेल्या तांडेलाची गोष्ट मी लहान लहान वाक्यांत सांगितली, आणि शेवटी सवयीने म्हणालो, ‘थँक यू फॉर होल्डिंग.’ तेव्हा मात्र तिघं हसले.

नोकरी मिळाली. पेढे घेऊन पडवीत गेलो तर मामींनी आधी विचारलं, ‘किती वेळ ठेवलंस होल्डवर?’

‘अर्धं मिनिट असेल.’

‘जास्त झालं. वीस सेकंदांवर माणूस फोन ठेवतो.’ मग पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, ‘आता लिही वहीत.’

ते वाक्य मी त्यांच्यासमोर लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी फारच वाईट आलं आहे.

आता मामींना ऐकू कमी येतं. क्लास बंद आहे, काळा फोन स्टुलावर तसाच आहे. रविवारी मी जातो, आई त्यांच्यासाठी काहीतरी डब्यात देते. आम्ही पडवीत बसतो. मी काही बोललो की त्या क्षणभर हात वर करतात, म्हणजे होल्ड, आणि माझ्या ओठांकडे बघून शब्द गोळा करतात. मी थांबतो. थांबायला मला त्यांनीच शिकवलं आहे. निघताना दर वेळी त्या विचारतात, ‘इंग्रजी रोज वापरतोस ना रे?’

‘रोज, मामी,’ मी मोठ्याने सांगतो.

ऑफिसात सगळे फोन देवरूख, सावर्डे आणि बंदरावरून येतात, मराठीत. चार वर्षांत इंग्रजीतून एकच आला, आणि तो राँग नंबर होता. मी त्याला होल्डवर ठेवलं. तो थांबला.