घामाचं निमित्त

१९६१ च्या एप्रिल महिन्यात, अकोल्याच्या एका छापखान्यात, मालकाने मला चार पाहुण्यांसमोर उभं केलं आणि उजवा हात पुढे करून बोटं खाली सोडायला सांगितली. बोटांच्या टोकावरून घामाचा थेंब फरशीवर पडायला किती वेळ लागतो, ते पाहुण्यांना पाहायचं होतं. एकाने खिशातलं घड्याळ काढलं. ते लग्नपत्रिका छापून घ्यायला आले होते.

"आपल्या प्रेसात म्युनिसिपालटीचा नळ नाई पाव्हणे," मालक म्हणाला. "हा हाये."

थेंब पडला. घड्याळवाला म्हणाला, "दीड मिनिट."

दुसरा वाकून पाहत होता. तो म्हणाला, "बैलाच्या नाकावानी ओला हाये न हा."

"नाक ओलं त बैल तब्येतीनं चांगला," मालक म्हणाला.

सगळे हसले. नवरीचा बाप तेवढा हसला नाही. त्याला पत्रिकेची काळजी होती. मालकाच्या ते ध्यानात आलं. "घाबरू नका. अक्षरं हा जुळवते, पण छापल्यावर पत्रिकेले हात लावत नाई. तसा नियमच हाये आपला."

वाकून पाहणाऱ्याने मला हात लावला नव्हता. तरी त्याने रुमाल काढून हात पुसले.

मी हात सदऱ्याला पुसला आणि परत कामाला लागलो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. कंपोझिटर होतो. लाकडी खणांतून शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, एकेक उचलायचे आणि स्टिक नावाच्या लोखंडी पट्टीत ओळीने लावायचे, हे काम. माझी स्टिक पंधरा दिवसांत गंजायची. इतरांची गंजत नसे. हा घाम वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा नव्हता. पौषाच्या थंडीत, बाकीचे शेकोटीला हात धरून बसलेले असताना, माझ्या तळहातांवरून पाणी निथळायचं. पेन धरलं की शाई पसरायची. नाडी बांधली की नाडी भिजायची. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून झाले. बाभळीचा पाला वाटून चोळून झाला. त्याने हात आठवडाभर काळे राहिले आणि काळ्या हातांना घाम येत राहिला.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत हा घाम कोणाला माहीत नव्हता. मास्तर खडू जमिनीवर टाकायचे, मी उचलायचो. छडी फेकून मारायचे. माझ्या हाताला कोणी हात लावतच नव्हतं. तो ओला की कोरडा, हे कळायला वाव नव्हता. आम्ही महार होतो. छप्पन साली बौद्ध झालो. त्याच्या आदल्या वर्षी अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा आला होता. सत्तावन्न साली मी अकोल्याला कामाला लागलो. तिथे चार वर्षांत माझी जात कोणी एकदाही काढली नाही. सगळे माझ्या घामाबद्दल बोलायचे.

माठावर पितळेचा एक गिलास होता. छापखान्यातली सहा माणसं त्यातून पाणी प्यायची. मला वरून ओंजळीत घालायचे. घालण्याचं काम गुलाबरावांकडे होतं. गुलाबराव हेड कंपोझिटर, पन्नाशीचे, शेतकरी घरातले, बोलायला मोकळे. पहिल्याच दिवशी त्यांनी ओगराळं हातात घेतलं आणि म्हणाले, "वाईट नोको मानू गा. तुया हाताले घाम येते. गिलास बुळबुळीत होते."

मी वाईट मानलं नाही. खरं होतं. माझ्या हातून गिलास निसटायचा.

खिळ्यांचं शिसं, शाई, खिळे धुवायचं रॉकेल आणि घाम, हे सगळं तळहाताच्या रेघांत बसलेलं असायचं. पाणी ओंजळीत पडलं की आधी काळं व्हायचं. मग मी ते प्यायचो. कोपरांवरून ओघळलेलं बाहीत जायचं. स्वच्छतेच्या नावाने त्या छापखान्यातल्या सगळ्यात घाण भांड्यातून मला पाणी मिळत होतं, आणि ते भांडं म्हणजे माझेच हात होते. तेव्हा हे दिसलं नाही. मला फक्त किळस यायची, ती माझ्या हातांची यायची.

माझा चहाचा कप मोरीच्या भिंतीवर असायचा. त्यात एकदा पालीची लेंडी निघाली. मी कप धुतला आणि चहा प्यालो.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकायची. जुळवलेल्या मजकुराचं प्रूफ काढताना कागद आधी ओला करतात. ओल्या कागदावर अक्षर नीट उठतं. गुलाबराव भिजलेलं फडकं कागदावर फिरवायचे आणि तो ओला कागद माझ्याकडे देताना रोज म्हणायचे, "सांभाळून धर. ओला करशीन."

पत्रिकेवाले येऊन गेल्यावर पुढच्या रविवारी मी अमरावतीला गेलो. तिथल्या एका दवाखान्यात माझा मावसभाऊ वॉर्डबॉय होता. त्याने सांगितलं होतं की बिड्या ओढून ज्यांच्या पायांची बोटं काळी पडतात, त्यांची एक नस तिथले सर्जन कापतात. कापल्यावर पायाला रक्त मिळतं, आणि पायाचा घामही थांबतो. तो म्हणाला, "हाताची बी तशीच नस असन. इचारून पाह्य."

डॉक्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग कोटाला हात पुसले आणि परत धरला.

"लाज वाटते की काम अडतं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"कामापुरतं मी करू शकतो," ते म्हणाले.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. हातांच्या घामाच्या नसा छातीच्या आत, पाठीच्या कण्याला लागून असतात. पाठीतून आत जायचं, बरगडीचा छोटा तुकडा काढायचा, नस कापायची. एका वेळी एकच बाजू. दुसरी तीन-चार महिन्यांनी. डोळ्याची पापणी थोडी उतरू शकते. फुफ्फुसाला धक्का लागू शकतो. हाताचा थांबलेला घाम पाठीला, पोटाला वाढू शकतो. "न केल्याने कोणी मरत नाही," ते म्हणाले. "तेव्हा हे तुम्ही ठरवायचं."

गावी मायला सांगितलं. ती शेतातली धसकटं वेचून आली होती.

"हात कापते का?"

"पाठ कापते."

"हाताचं दुखणं पाठीत काहून शोधून राहिले ते?"

मी नस समजावली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोणाच्या बोलण्यानं कापून घेत असशीन त नोको घेऊ. तुले पायजे असन त घे."

मला पाहिजे आहे, असं मी म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं. हात कोरडा झाला की गिलास मिळेल, असा माझा हिशेब होता. कापून घ्यायला मी तयार झालो तो निम्मा त्या पितळेच्या गिलासासाठी. हे लिहिताना आज किळस येते, आणि ती हातांची नाही.

जुलैमध्ये उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली. संमतीच्या कागदावर सही करताना शाई पसरली. नर्सने दुसरा कागद आणला. तोही पसरला. तिसऱ्या वेळी तिने माझ्या मनगटाखाली टॉवेल ठेवला. ईथरच्या वासाने दोन दिवस उलट्या झाल्या. पाठीत श्वासागणिक सुरी फिरायची. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की उजव्या हाताला चादर चिकटत नाही. मी तो हात गालावर ठेवला. गरम होता. कोरडा होता. असा हात मी स्वतःच्या अंगावर कधी अनुभवला नव्हता.

त्याच दिवसापासून डाव्या हाताची किळस दुप्पट झाली. जेवताना मी तो मांडीखाली दाबून बसायचो. डाव्या हातासाठी डॉक्टरांनी नोव्हेंबर सांगितला.

ऑगस्टअखेर अकोल्याला परतलो. मालकाने टेबलावरचा टिपकागद उचलला, माझ्या उजव्या तळहातावर ठेवला आणि वरून स्वतःचा अंगठा दाबला. चार वर्षांत त्याने माझ्या हातावर दिलेला तो पहिला दाब होता, मध्ये कागद ठेवून. कागद उचलून त्याने उजेडाकडे धरला. डाग नव्हता.

"कमाल हाये बावा," तो म्हणाला. "कोरडा ठणठणीत."

गुलाबराव म्हणाले, "आता पत्रिका बी छापू दे याले."

दुपारी तहान लागली. मी माठाशी गेलो. सवयीने गुलाबरावांनी ओगराळं घेतलं. मी उजव्या हाताने गिलास मागितला. त्यांनी मालकाकडे पाहिलं.

मालक पान लावत होता. "राहू दे. वरून घे."

"काहून?"

"डावा ओलाच हाये न अजून. तो करून ये, मंग पाहू."

"गिलास मी उजव्या हातानं धरतो, भाऊसाहेब."

त्याने पान तोंडात टाकलं. रागावला नव्हता. समजूत घालावी तसा म्हणाला, "तुले वरून प्यायची सवय हाये. इतके वर्स प्याला. काय बिघडलं?"

मी चार वर्षं घामाला उत्तर शोधत होतो. तुरटी, बाभूळ, बरगडी. ते उत्तर घेऊन मी त्याच्यासमोर उभा होतो आणि प्रश्न घामाचा नव्हताच. निमित्त होतं. मी ते त्यांच्यासाठी सांभाळलं होतं. पाठ फाडून घेतल्यावर ते मला कळलं.

मी गिलास उचलला. माठात बुडवला. भरून प्यालो. परत बुडवला आणि परत प्यालो. दुसऱ्या वेळी डाव्या हाताने धरला. तो बुळबुळीत झाला, पण निसटला नाही. गिलास मी माठावर ठेवला.

मालकाने गुलाबरावांना माठ मोरीत ओतायला सांगितला. त्यांनी ओतला. रिकामा माठ रस्त्याच्या कडेला नेऊन फोडला. गिलास राखेने घासला. मालक मला म्हणाला, "उद्यापासून येऊ नोको."

संध्याकाळी मी गुलाबरावांच्या घरी गेलो. साक्ष द्याल का, असं विचारलं. ते अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी मला बाजेवर बसायला सांगितलं नाही.

"मी पाठमोरा होतो गा," ते म्हणाले.

"ओगराळं तुमच्या हातात होतं."

"असन. पण मी पाठमोरा होतो."

तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीत गेलो. हवालदार वयस्क होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हात दाखव." मी दोन्ही दाखवले. त्याने दोन्हीवर बोट फिरवलं आणि बोट विजारीला पुसलं.

"डावा ओला हाये न बाप्पा. मालक म्हणीन, घामापायी गिलास नाई देला. केस तिथंच मोडते. असं कर, दुसरा हात करून ये. मंग लिहून घेतो. पक्की होते."

तो वाईट माणूस नव्हता. माझ्या भल्याचं सांगत होता. दोन दिवसांपूर्वी माठासमोर मालक जे बोलला होता, तेच तो बोलत होता. हात कोरडा कर, मग तुझ्या पाण्याचं पाहू.

"आत्ताच लिहा," मी म्हणालो.

"नुकसान तुयंच हाये."

"ओला असतानाच लिहा."

त्याने कागद घेतला. मी सांगत गेलो. छापखान्यात एक साप्ताहिक छापलं जायचं, त्यासाठी चार वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या जुळवल्या होत्या. कोण, कुठे, कधी, काय, हा क्रम हाताला माहीत होता. जबाब चार वाक्यांचा झाला. मी पूर्वाश्रमीचा महार, आता बौद्ध आहे. माझा उजवा हात कोरडा आहे आणि डावा ओला आहे. परवा दुपारी छापखान्यात मालकाने पाणी दोन्ही हातांना नाकारलं. मी प्यालो म्हणून माठ फोडला आणि मला कामावरून काढलं.

"दुसरं वाक्य काढून टाक," हवालदार म्हणाला. "त्याच्यानंच गोत्यात येशीन."

"राहू द्या."

मी डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्याने सही केली. डाव्या हाताखाली पाच बोटं ओली उमटली. हवालदाराने कागद उचलला, फुंकर घातली, वाळत ठेवला.

त्यानंतर मी बडनेऱ्याला मालधक्क्यावर हमाली केली. ओल्या तळहाताला गोणीचा ताग चिकटायचा आणि कातडी सोलून निघायची. ते काम मला डाव्या हाताने करवत नव्हतं. या वेळी मी निर्णय घेतला तेव्हा डोळ्यांसमोर गिलास नव्हता.

डाव्या बाजूची शस्त्रक्रिया नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. उजवीपेक्षा जास्त दुखली. डावी पापणी थोडी उतरली, ती तशीच आहे. पाठीला घाम वाढला.

डिसेंबरात चौकीवर गेलो. हवालदाराने दोन्ही हात पाहिले.

"आता दोनी कोरडे," तो म्हणाला. "जबाबात दुरुस्ती लिहून देतं का? डावा ओला हाये, ते काढू."

"नाही. त्या दिवशी तो ओलाच होता."

जबाब होता तसाच पुढे गेला.