फोन जुंपून बघितला

मंडळी, नव्व्याण्णव साल संपत आलं तरी फसवणारे संपले नाहीत. आत्ताच नगरच्या सायबर कॅफेत येऊन बसलोय, राग ताजा आहे तोवर ग्रुपवर लिहून टाकतो.

मी ठिबक सिंचनाचे संच विकतो, दिवसभर गावोगाव फिरतो. पुण्याचे साहेब म्हणाले, "ई-मेल येणारा मोबाईल घ्या, म्हणजे रस्त्यातूनच उत्तर देता येईल." म्हणून सकाळी दुकानात गेलो. दुकानदार लगेच म्हणाला, "हाच घ्या. शेताच्या बांधावर बसून ई-मेल वाचाल!"

इतक्या चटकन हमी देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, "आमच्याकडं बैल औताला जुंपून बघितल्याशिवाय घेत नाहीत. चला राहुरीला, तिथं दाखवा."

नाइलाजाने तो माझ्या स्कूटरवर मागे बसला. राहुरीच्या अलीकडेच रेंज गेली. "ढगांमुळं असेल," म्हणाला. आभाळ स्वच्छ निळं होतं! मग फोन उंच धरून तो ज्वारीच्या बांधावर चढला. तिथल्या शेतकऱ्याने विचारलं, "काय वो, पाखरं हाकलताय व्हय?"

शेवटी दुकानदार हळूच माझ्याजवळ आला. "इथं एसटीडी बूथ कुठं आहे हो? उशीर होईल म्हणून दुकानात कळवायचंय."

फोन मी घेतला नाही. तुमच्यापैकी कुणी असला फोन वापरतंय का? खरं सांगा. आणि उत्तर त्याच फोनवरून पाठवलंत, तरच विश्वास ठेवीन.