वाटपाची पेटी आणि आबा

जॅकचा दांडा आणखी एकदा खाली दाबला गेला. ट्रकचे पुढचे डावे चाक रस्त्यापासून सुटले आणि कोणी हात न लावता त्याने गर्रकन गिरकी घेतली. चाकाला टेकवून ठेवलेली धाकू तांडेलांची छत्री उडून गटारात पडली. जमलेल्या लोकांत हशा पिकला. इंजिन बंद होते.

"कोणी फिरवल्यान रे ता?" तांडेलांनी विचारले.

"कोणी नाय," ट्रकच्या खालून आवाज आला. "आपणच फिरला. किती वेळ दम धरून बसला होता बिचारा!"

मग पन्नाशीचे एक गृहस्थ सरपटत बाहेर आले. पांढऱ्या सदऱ्यावर ऑइलचे डाग, केसांत माती. मुलगा झाल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा चेहरा फुलला होता. सर्वांत जवळ मी उभा होतो. ते मला ओळखत नव्हते. तरी त्यांनी मलाच विचारले, "तुमी बघितलात मा?"

बघितले, असे मी म्हणालो.

श्री. आत्माराम मेस्त्री यांची आणि माझी ओळख अशी झाली. त्यांना आज सगळे आबा म्हणतात. कणकवलीच्या हमरस्त्यावरचे त्यांचे गॅरेज माहीत नाही असा ड्रायव्हर या भागात नसेल. आबांना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरव अंकात त्यांच्याविषयी लिहायला मला सांगण्यात आले, तेव्हा प्रथम ती गिरकीच आठवली.

मी तेव्हा मालवणच्या शाळेत मराठी शिकवीत होतो आणि आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायटीचा मानद चिटणीस होतो. गोवा अजून मुक्त झालेला नव्हता. हद्दीवरच्या इन्सुलीच्या पुढे माल जात नव्हता. मासे कणकवलीच्या बाजूला न्यावे लागत. साधी लॉरी वाळूत रुतत असे. म्हणून सोसायटीने लढाईनंतर निकालात निघालेला एक ट्रक विकत घेतला. त्याची चारही चाके ओढत. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातून, निघालेला मासा पाण्याच्या काठावरच भरायचा आणि ट्रक थेट बाजाराला लावायचा, असे सुरू झाले.

अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी पेटी असते. इंजिनाचा जोर ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. गॅरेजमध्ये तिला ट्रान्स्फर म्हणतात. आमच्या वाडीवर तिला वाटपाची पेटी हे नाव पडले, कारण रापणीच्या माशांचे वाटे सगळ्यांच्या परिचयाचे होते. पुढच्या चाकांचा वाटा एका दांड्याने चालू किंवा बंद करता येत असे.

ही पेटी बिघडत होती. ती तापायची, विव्हळायची, दांडा अडकून बसायचा. दोन मेकॅनिकांनी ती उघडली, नवे बेअरिंग घातले, बंद केली. आठवड्याभरात पुन्हा तेच. सोसायटीची कमिटी वैतागली; धाकू तांडेल तिचे अध्यक्ष होते. दोष ड्रायव्हरवर गेला. बाबल हा आमचा ड्रायव्हर पूर्वी होडीवर होता. तापानंतर त्याचा खांदा अधू झाला, रापणीचा दोर ओढवेना, म्हणून तो गाडी चालवायला शिकला होता. गाडीवाचून त्याला गावात दुसरे काम नव्हते. मेहुण्याने मुंबईच्या गिरणीत त्याच्यासाठी जागा पाहून ठेवली होती. बायकोने ट्रंक भरली होती. कमिटीने ठरवले की कणकवलीच्या मेस्त्रींना एकदा दाखवू. पेटी गेली असे त्यांनी सांगितले, तर ट्रक लाकडाच्या ठेकेदाराला देऊन टाकायचा. ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला यायचा निरोपही गेला होता.

त्या दिवशी आबा सकाळीच आले होते. मी शाळेत होतो. पुढे जे ऐकले ते असे. आबांनी पेटीला कान लावला, दोन ठिकाणी ठोकून पाहिले आणि सगळ्यांसमोर सांगितले, मागचे बेअरिंग गेले. पेटी उतरवली, उघडली. बेअरिंग धडधाकट होते. दात शाबूत होते. तळाशी लोखंडाचा कीसही नव्हता. अशा वेळी पुष्कळजण गुपचूप नवे बेअरिंग घालून बिल करतात, हे गॅरेजवाल्या मंडळींना सांगायला नको. आबांनी बेअरिंग तांडेलांच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "चुकलंय. ह्या बरा आसा. पेटयेक कायच झालेला नाय."

"मगे बोंबलता कोण?" तांडेल म्हणाले.

"ताच आता बघूक व्हया."

नवा भाग न घालता आबांनी ती पेटी जशीच्या तशी बंद केली. तांडेलांना वाटले, हेही हरले. गाडी बघायला आदल्या दिवशीच आलेल्या ठेकेदाराच्या माणसाला चहा सांगायला ते उठून निघाले होते. आबांनी त्यांना थांबवले आणि गाडीतून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून घ्या म्हणाले.

ही आबांची रीत आहे. त्यांच्या गॅरेजच्या दाराशी एक बाक आहे. गाडी आली की आधी त्या गाडीतून आलेली माणसे बाकावर बसतात आणि ज्याने जे ऐकले ते त्याने सांगायचे. "खराब झाली" असे म्हणायला बंदी आहे. आवाज कुठे आला, कधी आला, कसा होता, एवढेच सांगायचे. एकदा शिरोड्याच्या एका म्हाताऱ्यांनी सांगितले की गाडी चढणीला लागली की त्यांच्या दाढा शिवशिवतात. आबांनी हसण्यावारी न नेता ते कुठल्या सीटवर बसतात ते विचारले आणि तिच्याखालचा सैल झालेला शाफ्ट शोधून काढला.

आमच्या ट्रकवर माशांच्या पाट्यांवर बसून बाजाराला जाणारी पारू होती. तिची जीभ सगळ्या वाडीला ठाऊक. तिला बोलावले तेव्हा ती मासे खारवीत होती. मिठाचे हात तसेच घेऊन आली.

"माका काय इचारतास? मी काय ड्रायव्हर?"

"तू वर बसान आयकतस. गाडी खंय रडता?"

"शिरा पडो तिच्या तोंडार! पक्क्या रस्त्यार वळण इला की रडता. आणि वाळूत बघशात तर गप. पोर आवयकडे इल्यासारखी गप!"

आबा उठून उभे राहिले. "आणखी एकदा सांग."

पारूने आणखी एकदा सांगितले, या वेळी दोन शिव्या वाढवून.

मग आबांनी बाबलला गाडी काढायला लावले. त्या दिवसांत बाबलशी कोणी सरळ बोलत नव्हते. आबा त्याच्या शेजारी बसले आणि पक्क्या रस्त्याने नाक्यापर्यंत गेले. पुढची चाके जोडलेलीच होती. बाबल ती कधी सोडतच नसे. चार वल्ही असताना दोनच कशाला मारायची, असे त्याचे म्हणणे होते. नाक्यावर दांडा अडकला, तोवर तांडेल आणि वाडीतली मंडळीही मागून येऊन पोचली. तिथे आबांनी जॅक लावला, आणि मी शाळेतून परतताना पोचलो तो त्या गिरकीच्या क्षणी.

वाळूत चाके घसरतात, म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांचे भांडण तिथल्या तिथे मिटते. कडक रस्त्यावर घसरायला जागा नसते. ताण साचत जातो आणि तो पेटी सोसते; चाक उचलले तेव्हा तोच ताण गिरकीतून सुटला. हे आबांनी मला गटारातून छत्री काढता काढता समजावून सांगितले.

"पण भांडाण कित्याक?" तांडेलांनी विचारले. "चारय चाकां एकाच गाडयेची."

आबा चाकांकडे बघत गाडीभोवती फिरले. मग हसायला लागले. "फुडचे टायर नवे कोणी घातले?"

"मी," तांडेल अभिमानाने म्हणाले. "नवा ता नाळयेक. होडयेचा त्वांड ता. नारळ फोडून घातलंय."

होडीचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, लाटा झेलतो. नवी फळी आधी तिथे बसते, कुंकू तिथे लागते, नारळ तिथे फुटतो. आमच्या किनाऱ्यावर याविषयी कोणाला शंका येणे शक्य नव्हते. सोसायटीने दोन नवे टायर आणले तेव्हा ते पुढे बसले. मागे झिजलेले राहिले.

ओहोटी लागली होती. आबांनी गाडी ओल्या, कठीण वाळूवर नेली. दांडा आता सहज सुटला. पुढच्या एका चाकावर आणि मागच्या एका चाकावर त्यांनी चुन्याची रेघ ओढली. दोन्ही रेघा खाली टेकतील अशी एक जागा त्यांनी जॅक लावून जुळवून घेतली. पुढच्या चाकाबरोबर पारूने चालायचे, मागच्या चाकाबरोबर तांडेलांनी. रेघ वाळूला टेकली की तिथे एक शिंपला टाकायचा. दोघांनी सारखेच शिंपले घेतले. बाबलने गाडी अगदी हळू सोडली.

सगळी वाडी बरोबर चालत होती. "टाक गो!" "तांडेलानू, झोपलात काय?" "रेघ गेली, रेघ गेली!" तांडेल एकदा वाकले ते धोतरात पाय अडकून बसलेच. पारू म्हणाली, "उठा आता, मागच्या चाकाक तुमची वाट बघूक येळ नाय." आबा टाळ्या वाजवीत उलटे चालत होते.

शिंपले संपले. सुरुवातीला दोघांच्या शिंपल्यांमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधल्याइतकेच अंतर होते. शेवटी ते पुष्कळ वाढलेले होते. पारूचा शेवटचा शिंपला पार पुढे निघून गेला होता. नव्या टायरचा घेर मोठा. तेवढ्याच फेऱ्यांत तो जास्त जमीन कापतो.

तांडेल दोन्ही शिंपल्यांच्या मध्ये उभे राहिले. मग म्हणाले, "पण नाळयेक जुना कसा घालूचा? बरा दिसता?"

आबांनी त्यांची थट्टा केली नाही. ते म्हणाले, "तांडेलानू, होडयेक एका बाजूक लांब वल्ला, दुसऱ्या बाजूक आखूड, तर होडी खंय जातली?"

"गरगर फिरतली."

"ही फिराक शकत नाय. म्हणान रडता. टायर ही गाडयेची वल्लां. नाळ तुमका व्हयी तर नंबराच्या पाटयेक कुंकू लावा. नारळ मी देतंय."

तांडेल हसले. लगेच त्यांनी जुने टायर कुठे आहेत ते विचारले. ते धक्क्यावर होड्यांना टेका म्हणून बांधलेले होते. माणसे पळाली. जुने टायर सोडून आणले आणि पुढे चढवले. मागच्यांशी त्यांची झीज जुळत होती. आणखी दोन नवे येईपर्यंत हे नवे बाजूला ठेवायचे ठरले. मग आबांनी बाबलच्या खांद्यावर, अधू नसलेल्या खांद्यावर, हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ह्या ड्रायव्हराचो दोष नाय. तेका कोणी सांगूकच नाय. वाळू लागली की घाल, पक्को रस्तो लागलो की काढ. सांगशीत?"

"वाळू लागली की घालतंय, पक्को रस्तो लागलो की काढतंय," बाबल म्हणाला. पारूने त्याच्या पाठीत खारट हाताने थाप मारली.

त्यानंतर आबांच्या घरी माझे जाणे-येणे सुरू झाले. त्यांना मी पुष्कळ गाड्या दुरुस्त करताना पाहिले आहे. काढलेला भाग ते मालकाच्या हातात दिल्याशिवाय नवा बसवीत नाहीत. स्वतःची चूक ते मोठ्याने सांगतात आणि स्वतःचे कौतुकही तितक्याच मोठ्याने करतात. शिंपल्यांची गोष्ट ते दरवर्षी सांगतात, पण वळणावरचे रडणे पारूने ओळखले हे कधी वगळत नाहीत. पारू कणकवलीच्या बाजारात आली की तिची पाटी आधी गॅरेजसमोर उतरते. आबा घासाघीस करतात आणि हरतात.

त्यांचा एक दोष सांगितला पाहिजे. ते मृदंग वाजवतात. गावच्या जत्रेत दशावतारी मंडळींनी त्यांना एकदा साथीला बसवले. इंजिनातला चुकलेला ठोका त्यांना दुरून कळतो. मृदंगावर त्यांचा स्वतःचा ठोका चुकला तर तो बाकी सगळ्यांना कळतो. राजाचे काम करणारे नट नाचता नाचता त्यांच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "मेस्त्रीनू, फुडची चाकां सोडा!" आबा सर्वांत जास्त हसले. ते अजून वाजवतात.

माझे वडील आजारी होते त्या पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले होते आणि एसटी बंद होती. आबा कोणाची तरी दुरुस्तीला आलेली जीप घेऊन आले. वडिलांना त्यांनी मागच्या सीटवर उशांत बसवले आणि दवाखान्यापर्यंत वाटभर विचारीत राहिले, "तात्यानू, आवाज खंय येता?" वडील बरे झाले. पुढे कित्येक दिवस ते त्या जीपच्या आवाजाविषयी बोलत.

आबांच्या कानांना असेच ऐकू येत राहो. त्यांच्या गुडघ्यांना गाडीखाली जाण्याचे आणि बाहेर येण्याचे बळ राहो. दाराशी असलेल्या बाकावर माणसे दाटीवाटीने बसोत. पंचाहत्तरीला पुन्हा आम्हां सर्वांना लिहायला बसवण्याइतके आणि तो लेख वाचून त्यातल्या चुका मोठ्याने सांगण्याइतके दीर्घ, निरोगी आयुष्य त्यांना लाभो.

त्या ओहोटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडाचे ठेकेदार ठरल्याप्रमाणे ट्रक न्यायला आले. ट्रक जागेवर नव्हता. बाबल सुरमई भरून कणकवलीला गेला होता. तांडेलांनी ठेकेदारांना चहा दिला. चहा पिऊन ते परत गेले.